तिसरी डिस्क

लॅपटॉपची डिस्क गेली की माणसं दुकानात दोन प्रश्न घेऊन येतात. डेटा मिळेल का, आणि नवी डिस्क कितीला पडेल. ती का गेली हे सहसा कुणी विचारत नाही, आणि पहिल्या वेळी नाही विचारलं तरी फारसं बिघडत नाही. डिस्क ही कधी ना कधी जाणारी वस्तू आहे. पण त्याच लॅपटॉपमध्ये घातलेली नवी डिस्क वर्षाच्या आत जाते, मग दुसऱ्या कंपनीची घेतली तर तीही काही महिन्यांत जाते, तेव्हा ‘हल्ली मालच असा येतो’ हे उत्तर मला पटत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या कारखान्यांत बनलेल्या डिस्क एकाच लॅपटॉपच्या एकाच खाचेत येऊन बंद पडत असतील, तर चौकशी त्या खाचेची व्हायला हवी.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राचा वारा थेट अंगावर येतो अशा गावात लॅपटॉप आणि कॉम्प्युटर दुरुस्त करते. चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पुण्यात पाच वर्षं सुरळीत चाललेलं यंत्र निवृत्तीनंतर मालकाबरोबर गावी येतं आणि पहिल्याच पावसाळ्यात कुरकुरायला लागतं, हे इथे नेहमीचं आहे. त्यामुळे बिघडलेल्या भागाइतकंच तो भाग कुठे बसलेला होता, कशाला टेकलेला होता, त्याला करंट कुठून येत होता हे बघायची सवय मला लागली आहे. या लेखात सांगायचं आहे ते या सवयीविषयीच.

खाडीच्या अंगाला एका काकांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पालखीच्या वेळची हँडबिलं, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका अशी सगळी कामं ते घेतात. टाइपसेटिंग स्वतःच करतात. तुळशीचं लग्न झालं की त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमके त्याच दिवसांत ते लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे आले.

“बाय, ही तिसरी,” एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

लॅपटॉपमध्ये मुळात आलेली हार्ड डिस्क सहा-सात वर्षं चालून गेली होती. मग बाहेरच्या एका दुकानातून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांत डेटा साठवणारी डिस्क, बसवून घेतली. पावसाळा संपता संपता ती ‘गेली’. तेव्हा दुकानदार म्हणाला की या कंपनीच्या डिस्कचा भरवसा नाही, म्हणून काकांनी महागातली, दुसऱ्या कंपनीची घेतली. आता तीही गेली होती. प्रत्येक वेळी विंडोज नव्यानं टाकली गेली, फाँट नव्यानं टाकले गेले, आणि मधल्या काळातल्या पत्रिकांच्या फायली गेल्या त्या गेल्याच.

मी विचारलं, “गेली म्हणजे नेमकं काय होतं, काका?”

त्यांनी जे सांगितलं त्यात अर्धं निदान होतं. काम करता करता सगळं अडकतं. माउसचा बाण हलतो, पण कशावर क्लिक केलं तरी उघडत नाही. मिनिटभरानं निळा पडदा येतो. मग पुन्हा सुरू केलं की डिस्कच सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. बंद करून जेवून आलं की कधीकधी आपोआप सुरू होतो. पुढे पुढे तेवढंही होईनासं झालं.

एसएसडीच्या आतला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार चालवणारी चिप, जळाला किंवा त्याची आतली नोंदवही बिघडली, तर ती जेवणाच्या सुट्टीनंतर ताजीतवानी होऊन परत येत नाही. ती बहुधा एकदाच जाते आणि कायमची जाते. जाऊन येणारा बिघाड दिसला की मला पहिला संशय येतो तो जोडणीचा.

“आधीच्या दोन्ही डिस्क टाकल्यात का ठेवल्यात?”

छापखान्याच्या माणसाला काहीही टाकायची सवय नसते. दुसऱ्या दिवशी काका दोन्ही घेऊन आले, बिलबुकाच्या पुठ्ठ्यात नीट गुंडाळून.

गेलेली डिस्क माझ्या लेखी पुरावा असते, म्हणून ती टाकू नका असं मी प्रत्येकाला सांगते. वॉरंटीत डिस्क बदलून घेताना जुनी परत जाते आणि तिच्याबरोबर सगळी माहितीही जाते. कंपनीकडे परत आलेल्या डिस्कांपैकी बऱ्याच त्यांच्या तपासणीत ठणठणीत निघतात, पण ती बातमी ग्राहकापर्यंत कधी पोचत नाही. त्याला नवी डिस्क मिळते आणि तो ती त्याच जागी बसवतो.

जवळपास प्रत्येक हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःच्या तब्येतीचे काही आकडे आतल्या आत लिहून ठेवत असते. या नोंदींना स्मार्ट म्हणतात. ते वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्ससारखी फुकट साधनं मिळतात. बहुतेक लोक त्यातला वरचा रंग तेवढा बघतात. निळा असेल तर डिस्क चांगली, पिवळा असेल तर सांभाळा. त्या रंगावर मी कधीच थांबत नाही, कारण खरी गोष्ट खालच्या तक्त्यात असते आणि त्या तक्त्यातले सगळे आकडे रंगात उतरत नाहीत.

साटा नावाच्या जोडणीवर चालणाऱ्या डिस्कच्या त्या तक्त्यात मी आधी चार ओळी बघते. पाचव्या क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कनं स्वतःहून बाजूला काढलेले आणि राखीव साठ्यातून बदललेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून संशयित ठरवून ठेवलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. हे तिन्ही आकडे डिस्कच्या पोटातले आहेत, म्हणजे जिथे डेटा साठवला जातो त्या पृष्ठभागाचे किंवा चिपचे. चौथी ओळ १९९ ची, आणि ती वेगळ्याच गोष्टीविषयी बोलते. लॅपटॉपचा मुख्य बोर्ड आणि डिस्क एकमेकांना डेटा पाठवतात तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक पडताळा आकडा जातो. पलीकडे पोचल्यावर तो आकडा पुन्हा काढून बघतात. जुळला नाही तर वाटेत काहीतरी बिघडलं असं धरून गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि १९९ मध्ये एकाची भर पडते. साटाचा वेग सेकंदाला सहा गिगाबिट असतो. त्या वेगात एका बिटच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा भाग येतो. तारेत, टोकात, पत्र्याच्या एका पिनेत थोडासा दोष असला तरी गठ्ठे फाटायला तो पुरतो.

काकांच्या तिन्ही डिस्कांचे आकडे मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले.

पहिली, मूळची हार्ड डिस्क. पाचव्या ओळीत शेकड्यांनी बदललेले सेक्टर, १९७ मध्येही शेकड्यांनी संशयित, आणि १९९ मध्ये शून्य. ही खरोखरच झिजून गेली होती. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी, जिची कड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरनं पळत असते, आणि तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं, डेटा वाचणारं-लिहिणारं हेड. अशा यंत्राकडून छापखान्याच्या टेबलावर सहा-सात वर्षांची सेवा मिळाली हे मी चांगलंच म्हणेन.

दुसरी, ‘भरवसा नसलेली’ एसएसडी. पाचवी ओळ शून्य, १९७ शून्य, १९८ शून्य. १९९ मध्ये हजारांतला आकडा. बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून माझ्या कॉम्प्युटरला लावली तर फोल्डर उघडले. पत्रिकांच्या फायली होत्या तिथेच होत्या. डिस्कनं स्वतःच स्वतःची करायची लांब पल्ल्याची तपासणी लावून ठेवली, ती एकही चूक न दाखवता पूर्ण झाली.

तिसरी, महागातली. नेमकं तेच चित्र.

काका कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे ही गेलीच नव्हती?”

नव्हती. आणि त्या कागदावर आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. हार्ड डिस्कच्या उभ्या आयुष्यात १९९ ची ओळ शून्यावर होती. म्हणजे तोवर तार चांगली होती, टोकं चांगली होती. बिघाड शिरला तो डिस्क बदलली तेव्हा किंवा त्यानंतर. पहिलं निदान शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच पुढची दोन कुणी तपासून घेतली नाहीत. एकदा डिस्क खरोखर गेली की पुढच्या प्रत्येक वेळी ‘परत डिस्कच’ हे वाक्य तोंडात तयार असतं, ग्राहकाच्याही आणि कारागिराच्याही.

मग लॅपटॉप उघडला. खालचं झाकण काढलं, आणि कशालाही हात लावायच्या आधी एका बोटानं एसएसडी हलकेच दाबली. ती खाली-वर हलली.

जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क सहसा साडेनऊ मिलिमीटर जाडीची असायची. एसएसडी सात मिलिमीटरची येते. मधल्या अडीच मिलिमीटरच्या फटीसाठी एक पातळ प्लास्टिकची चौकट लावायची असते. ती काही खोक्यांत डिस्कबरोबर यायची, आता बहुधा येत नाही. काकांच्या लॅपटॉपमध्ये चौकट नव्हती. मूळ डिस्कला पत्र्याची पट्टी होती आणि ती एमथ्रीच्या छोट्या स्क्रूंनी आवळलेली असणार, कारण पट्टीची भोकं आणि स्क्रूंच्या खुणा दिसत होत्या. पट्टी जागेवर होती पण चारपैकी एकच स्क्रू होता, तोही अर्धवट. एसएसडीचा सगळा भार साटाच्या टोकावर लोंबत होता. ते टोक एका चपट्या फ्लेक्स केबलच्या शेवटी होतं, आणि ती केबल बॅटरीच्या कडेवरून वळताना जिथे दुमडली होती तिथे पांढरट वळ उठला होता.

टेबलाविषयी विचारलं तर कळलं की लॅपटॉपच्या शेजारीच कागद कापायचं मशीन आहे. प्रत्येक कापाला टेबल हादरतं. एसएसडीला आतून या हादऱ्याचं काही वाटत नाही, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. पण तिचं टोक प्रत्येक कापाला केसभर सरकत होतं.

आता टोकावरच्या पिना. साटाच्या टोकात २२ पट्ट्या असतात, सात डेटाच्या आणि पंधरा करंटच्या. भिंगाखाली पाहिलं तर डेटाच्या बाजूच्या दोन पट्ट्यांवर काळसर ओरखडे होते आणि एका कडेला हिरवट भुकटी धरली होती. या पट्ट्या सोनेरी दिसतात, पण सोनं वरवरचं असतं, मायक्रोमीटरच्या हिशोबातलं. खाली निकेल आणि त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ताक कळकतं, तसंच हे. सोन्याचा थर एकाच जागी घासून घासून विरला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि मग आमच्याकडची खारी, ओली हवा आपलं काम करते. केसभर सरकण्यानं रोज नवा धातू उघडा पडायचा, हवा त्याच्यावर नवा थर चढवायची, आणि तो थर वीज अडवायचा.

इथे या सगळ्या गोष्टीतली खरी मेख आहे. नवी डिस्क बसवताना टोक काढलं जातं आणि पुन्हा दाबून बसवलं जातं. त्या एका दाबण्यात पट्ट्यांवरचा थर खरवडला जातो आणि जोडणी काही काळ चांगली होते. म्हणून प्रत्येक नवी डिस्क बसवल्याबरोबर लॅपटॉप चालायला लागायचा, आणि दुकानदाराचं निदान बरोबर होतं याची सगळ्यांना खात्री पटायची. जुनीच डिस्क काढून पुन्हा बसवली असती तरी तो तितकाच चालला असता. बदलून चाललं म्हणजे बदललेला भाग खराब होता, हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत महागडा समज आहे, आणि त्याची किंमत ग्राहक भरतो.

दमट हवेचं हे माझ्या गावापुरतं निरीक्षण नाही. मायक्रोसॉफ्टच्या नऊ अवाढव्य डेटा सेंटरांमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्कांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाहेरची हवा आत घेऊन थंड केलेल्या जागी डिस्क कशामुळे जातात हे त्यांनी तपासलं. उष्णतेपेक्षा हवेतल्या सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम वरचढ निघाला, आणि दमट हवेत वाढलेले बिघाड मुख्यतः कंट्रोलर आणि जोडणीच्या बाजूचे निघाले. तो निबंध वाचला तेव्हा मला माझ्याच दुकानातल्या जुलै-ऑगस्टच्या नोंदी कुणीतरी मोठ्या कागदावर लिहिल्यासारखं वाटलं. आम्ही लॅपटॉप तापतो म्हणून पंख्यांचे स्टँड विकतो, आणि टोकावरच्या हिरव्या भुकटीकडे कुणी बघत नाही.

तरीही डोळ्यांना दिसलेल्या हिरवटपणावर निदान ठरवायचं नाही, असा माझा नियम आहे. दिसलेली गोष्ट खरी असते, पण बिघाड तिच्यामुळेच होतो आहे हे वेगळं दाखवावं लागतं. म्हणून काहीही न बदलता लॅपटॉप विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं सुरू केला. तिसरी डिस्क होती तशी, त्याच केबलवर. एका खिडकीत डिस्क सलग वाचायचं काम लावलं, दुसऱ्या खिडकीत सिस्टिमचे संदेश उघडे ठेवले. थोड्या वेळानं चुका यायला लागल्या. पडताळा जुळत नाही, पुन्हा मागवतोय, पुन्हा मागवतोय. मग एक ओळ आली की साटाचा वेग सहावरून तीन गिगाबिटवर आणला आहे. अजून थोड्या वेळानं तीनवरून दीडवर. डिस्कशी बोलणं तुटू नये म्हणून यंत्र स्वतःहून सावकाश बोलायला लागलं होतं. मी डिस्कच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि किंचित दाबलं, तर संदेशांचा लोंढा आला. बोट काढलं, थांबला. काकांना खुर्ची ओढून जवळ बसवलं आणि त्यांच्याच बोटानं पुन्हा दाबून घेतलं. ज्याचं नुकसान झालं आहे त्याला त्याचं कारण स्वतःच्या हातानं कळावं, हा त्याचा हक्क आहे.

विंडोजमध्येही हे सापडतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदीत १२९ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रिसेट केलं, आणि १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं. क्रमांक ७ ची नोंद मात्र खराब ब्लॉकची असते, तिथे डिस्कच्या पोटाकडे बघावं. फॉरमॅट केल्यावर या नोंदीही पुसल्या जातात. म्हणून विंडोज नव्यानं टाकायच्या आधी त्या एकदा वाचून घ्याव्यात, याचा आग्रह धरा.

त्यानंतर फक्त केबल बदलली. डिस्क तीच, जागा तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं बरं झालं हे कधीच कळत नाही. १९९ चा आकडा कागदावर लिहून ठेवला. हा आकडा डिस्कच्या जन्मापासूनचा असतो आणि तो कधी शून्यावर येत नाही, म्हणून तो मोठा आहे का याला फारसा अर्थ नसतो, तो वाढतो आहे का हे बघायचं. रात्रभर डिस्क वाचायला लावली. सकाळी आकडा होता तिथेच होता, वेग पुन्हा सहा. मग डिस्कच्या बाजूची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. काहीजण खोडरबरनं घासतात. तसं करू नये, उरलंसुरलं सोनं तेवढ्यानं जातं. माझ्या खणातली जुनी चौकट बसवली, चारही स्क्रू आवळले, मल्टिमीटरनं पाच व्होल्टची लाइन पाहिली. अडीच इंची साटा डिस्कला पाच व्होल्ट लागतात आणि ते पावणेपाच ते सव्वापाचच्या आत असायला हवेत. होते. काकांना सांगितलं की लॅपटॉप कापायच्या मशीनच्या टेबलावरून हलवा. त्यांनी त्याच दिवशी हलवला.

केबल काही शे रुपयांची होती. डिस्कांवर गेलेला पैसा त्याच्या कितीतरी पट.

पुन्हा पुन्हा डिस्क जाण्यामागे दर वेळी केबलच असते असं मुळीच नाही. आमच्याकडे दुसरं मोठं कारण आहे मेलेली बॅटरी. बॅटरी संपली की लोक ती काढून ठेवतात आणि लॅपटॉप थेट प्लगवर चालवतात. मग लाइट गेली की लॅपटॉप तत्क्षणी बंद. स्मार्टमध्ये अवेळी करंट गेल्याची मोजणी असते, ती अशा लॅपटॉपांत भराभर चढलेली दिसते. एसएसडी कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये ठेवला याचा नकाशा सतत बदलत असते, आणि नकाशा लिहिता लिहिता करंट गेला तर डेटा शाबूत असूनही तो कुठे आहे हे तिचं तिलाच सापडत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३ साली १५ एसएसडींचा करंट मुद्दाम अधूनमधून तोडून पाहिला, त्यांतल्या १३ एसएसडींनी काही ना काही गडबड केली. अशा लॅपटॉपमध्ये नवी डिस्क घालण्याआधी नवी बॅटरी घालावी. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी उगाच खर्च वाढवते आहे.

रॅम खराब असली तरी फायली बिघडतात आणि बोट डिस्ककडे जातं. तिथे मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. साटाऐवजी एनव्हीएमई पद्धतीनं बोलणाऱ्या नव्या डिस्कांत १९९ ची ओळ नसतेच, तिथे माध्यमातल्या चुका, किती टक्के आयुष्य वापरलं आणि अवेळी बंद झाल्याची मोजणी हे तीन आकडे बघायचे. आणि क्वचित दोष खरोखरच डिस्कच्या घराण्याचा असतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्रायझनं जाहीर केलं की सर्व्हरमधल्या त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की फर्मवेअरच्या, म्हणजे डिस्कच्या आत बसवलेल्या प्रोग्रॅमच्या, चुकीमुळे बंद पडतील, डेटासकट. म्हणजे तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच वेळी गेल्या असत्या, आणि वेळीच फर्मवेअर बदलणं हाच उपाय होता. म्हणून एकाच बॅचच्या डिस्क एकत्र जाताना दिसल्या तर मी चालू तासांची ओळ बघते.

स्मार्टवरही आंधळा विश्वास नको. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली त्यांच्याकडच्या लाखाहून जास्त हार्ड डिस्कांचा अभ्यास मांडला. गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त अशा होत्या की ज्या चार नोंदींवरून धोका सर्वांत चांगला कळतो असं त्यांना दिसलं, त्यांतल्या एकीतही आधी काही दिसलं नव्हतं. सांगायचा अर्थ असा की वाईट आकडा दिसला तर लगेच ऐका, पण चांगल्या आकड्यावर विसंबून बॅकअप टाळू नका.

काकांचं जे खरं नुकसान झालं होतं ते मला उशिरा कळलं. दुसऱ्या डिस्कनंतर त्यांनी लॅपटॉपमध्ये काही ठेवायचंच सोडून दिलं होतं. पत्रिका तयार झाली की ते पडद्याचा फोटो मोबाइलवर काढायचे, आणि पुढच्या वेळी तशीच पत्रिका हवी असली की फोटो बघून सगळं पुन्हा टाइप करायचे. अण्णा, नाना, कै., सौ., चि.सौ.कां., चार-चार पिढ्यांची नावं, एकही नाव चुकवून चालत नाही आणि एकाचाही मान पुढेमागे होऊन चालत नाही. हे काम रात्री उशिरापर्यंत, चष्मा कपाळावर सारून. गावातल्या शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेची अर्धी पानं त्यांनी अशीच दोनदा जुळवली होती. यंत्रावरचा विश्वास उडाला की माणूस किती कष्ट गुपचूप अंगावर घेतो ते मी तेव्हा पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. चौकशी करायला कुणी पाच मिनिटं दिली असती तर हे कष्ट टळले असते.

‘गेलेल्या’ दुसऱ्या डिस्कवरून स्मरणिकेची पहिली जुळवणी जशीच्या तशी मिळाली. ती डिस्क मी केसिंगमध्ये घालून त्यांना दिली. आता रोज संध्याकाळी छापखाना बंद करताना ते तिच्यावर दिवसभराचं काम उतरवतात आणि घरी घेऊन जातात.

इतका तपास करता आला याचं कारण मात्र एकच होतं. डिस्क स्क्रूनं बसवलेली होती. ती काढता आली, दुसऱ्या यंत्राला लावता आली, तिचं आणि तिच्या जागेचं म्हणणं वेगवेगळं ऐकता आलं. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपांत साठवणीच्या चिपा थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या असतात. टोक नाही, केबल नाही, म्हणजे हिरवट भुकटीची कटकटही नाही, हे मी मान्य करते. पण उद्या त्यात काही बिघडलं, किंवा चिप धडधाकट असून शेजारचा करंटचा भाग जळाला, तर डेटा बाहेर काढायला वाटच उरत नाही. वॉरंटीत अख्खा बोर्ड बदलून मिळतो आणि जुना बोर्ड, त्याच्यावरच्या सगळ्या फायलींसकट, परत जातो. मुलांच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हणून लोक मला प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात. मी त्यांना दुकानात आणखी एक प्रश्न विचारायला सांगते, की डिस्क स्क्रूनं बसवलेली आहे की बोर्डावर डागलेली. विक्रेत्याला बहुतेकदा सांगता येत नाही. मग मॉडेल नंबर घेऊन या म्हणते, मी बघून सांगते.